बिळवाल्याचं नाक

यंदा पीक चांगलं आलं आणि पिकाच्या मागोमाग उंदीर आले. शेतं रिकामी होताच त्यांनी बांध सोडले आणि घरं धरली. पोती फोडली, साबण खाल्ले, शाळेच्या कपाटातल्या हजेरीच्या वहीचा भुगा केला. एका घरात तर झोपलेल्या आजीच्या टाचेची जाड कातडी कुरतडून गेले. सकाळी जमिनीला पाय टेकला तेव्हा तिला कळलं. लोकांच्या अगदी नाकी नऊ आले.

अशा वर्षी बिळवाल्याला पाणी प्यायला फुरसत नसायची. चाळीस वर्षं तो बिळं खणून उंदीर-घुशी काढायचं काम करत आला होता. त्याची हत्यारं मोजकीच. एक पहार, आखूड दांड्याची कुदळ, चार पिंजरे, धुरीचं मडकं आणि मडक्याला हवा देणारा चामड्याचा भाता. पण गावाला कौतुक होतं ते त्याच्या नाकाचं. कोणाच्या घरी गेला की तो आधी गुडघ्यांवर बसायचा, तळहात जमिनीला टेकायचा आणि बिळाच्या तोंडाशी नाक नेऊन सावकाश श्वास ओढायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पोरं दारात गर्दी करायची. वीस बिळांतून तो नेमकी दोन निवडायचा. "ही दोन नांदती, बाकीची ओसाड," म्हणायचा आणि तेवढीच खणायचा. नांदत्या बिळाला ऊबदार, ओलसर, मुताचा वास असतो, ओसाड बिळाला नुसता मातीचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं आणि त्यालाही ते कोणाला शिकवता आलं नव्हतं.

थंडीत त्याला ताप आला. पंधरा दिवस तो अंथरुणाला खिळून होता. ताप उतरला, खोकला गेला, आणि जाता जाता वास घेऊन गेला. सर्दी आहे, मोकळी होईल, असं म्हणत त्याने आठ दिवस गरम पाण्याची वाफ घेतली. मग कांदा फोडून नाकाशी धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, वास आला नाही. रॉकेलच्या बाटलीचं बूच काढून हुंगलं, तर बाटलीत विहिरीचं पाणी भरलेलं असावं तसं. हातात बूच धरून तो कितीतरी वेळ ओट्याशी उभा राहिला.

त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कोणाला? बायको जाऊन तीन वर्षं झाली होती आणि एकुलती एक लेक दोन तासांवर शहरात. शिवाय नाक गेलेल्या बिळवाल्याला कोण बोलावणार? तो गुपचूप दुसऱ्या पद्धतीवर आला. संध्याकाळी सगळ्या बिळांची तोंडं ओल्या मातीने लिंपायची आणि सकाळी जाऊन बघायचं. जे उघडलं ते नांदतं. पद्धत खात्रीची, फक्त एक दिवस जास्त खाते. नवशिके तसंच करतात.

शेजारी पिठाची गिरणी होती. त्याच्या घराची आणि गिरणीची भिंत एकच. गिरणीवाला त्याचा जिवाभावाचा दोस्त; तो वारल्यापासून त्याची बायको गिरणी चालवायची. हा तिला वहिनी म्हणायचा, ती याला भावोजी.

"भावोजी, आता तुम्हीच या बाई," ती एका सकाळी दारातून ओरडली. तिच्या भुवयांवर पीठ होतं. "मशीनचा पट्टा खाल्ला मेल्यांनी. घूस आहे, मी स्वतः बघितली. मांजराएवढी!"

तो घमेल्यात माती कालवूनच गेला. गिरणीत डबे घेऊन सात-आठ जण खोळंबले होते. जमिनीलगत, भिंतीच्या कडेने बिळंच बिळं.

"आज लिंपून ठेवतो," तो म्हणाला. "उद्या सकाळी बघू."

"लिंपताय?" रांगेतला एक जण म्हणाला. "का हो मामा, नाकाला सुट्टी दिली की काय?"

सगळे हसले. वहिनीही हसली. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, उलट खेळ बघायला मिळणार म्हणून सगळ्यांनी डबे खाली ठेवले होते. बिळवाल्याने घमेलं बाजूला सरकवलं. "लिंपतोय कशाला, गंमत केली," असं म्हणून तो गुडघ्यांवर बसला. एकेका बिळापाशी नाक नेलं, श्वास ओढला. नाकात पीठ गेलं, थंडगार हवा गेली, आणखी काही गेलं नाही. दाराजवळच्या एका बिळाची कड जरा गुळगुळीत दिसली. त्याने तिच्यावर बोट ठेवलं.

"हे."

अर्धा दिवस त्याने ते खणलं. फरशी उचकटली, दीड हात खाली गेला. तळाशी चिंध्या आणि कोरडा पेंढा होता, कधीचा कोणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी लोक बघत असतानाच दुसरं बीळ निवडलं. तेही ओसाड निघालं. घाम पुसत तो वर आला तेव्हा रांगेत कोणी हसत नव्हतं.

"असू दे हो भावोजी," वहिनी म्हणाली. तिने त्याला चहा दिला आणि स्वतः फरशी बसवायला लागली. "जातील आपणच कुठेतरी."

तिने त्याला तिसऱ्यांदा बोलावलं नाही. भावोजींना वाईट वाटेल म्हणून ती लांबच्या दुकानातून विषाच्या पुड्या घेऊन आली आणि मशीनमागे ठेवल्या. मोठ्या मायेने, चोरून. घुशीने पुडी खाल्ली आणि ती भिंतीत शिरली. भिंत दोघांची, मेली ती बिळवाल्याच्या बाजूला, त्याच्या फडताळामागे. चौथ्या दिवशी हे सगळ्या आळीला कळलं. एकट्या बिळवाल्याला कळलं नाही.

रोज संध्याकाळी त्याच्याकडे पोस्टमन यायचा. रिटायर होऊन त्याला सहा वर्षं झाली होती, पण गावात तो पोस्टमनच. दोघं पत्ते खेळायचे. त्या संध्याकाळी पोस्टमन उंबरठ्यावर आला, थबकला आणि म्हणाला, "आज बाहेरच बसू."

"बाहेर वारा आहे. पत्ते उडतील."

"मग राहू दे. पाठ धरली आहे माझी जरा."

दुसऱ्या दिवशीही पाठ धरलेली होती. तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही. दूधवाली आत येऊन पातेल्यात दूध ओतायची, ती आता ओट्याच्या टोकाला पातेलं मागू लागली आणि ओतून चटकन वळू लागली. पिंजरा मागायला आलेली बाई रस्त्यातूनच बोलली. पण कोणी तोंडाने काही सांगितलं नाही. सांगणार कसं? बाबा रे, तुझं घर घाण मारतंय, असं माणसाला तोंडावर म्हणता येतं का? आणि तेही ज्याच्या नाकाचे गोडवे गावभर गायले त्याला? त्याला कळत नसेल, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. म्हणजे कळतंय आणि चालतंय, असं लोकांनी धरलं. बायको गेल्यावर पुरुषमाणसाचं असंच होतं, असं म्हणाले. कोणी म्हणालं, पकडलेले उंदीर घरातच ठेवत असेल.

बिळवाल्याने आपल्या परीने हिशेब लावला. दुकानात विषाच्या पुड्या आल्यापासून तो लोकांना चारचौघांत बोलला होता. पुड्या आणू नका, जनावर कुठेही जाऊन मरतं, घर सडतं. लोकांना ते लागलं असणार. म्हणून तोंडं फिरवतात. फिरवू देत, असं तो मनात म्हणाला, पण संध्याकाळ झाली की त्याचे कान ओट्यावरच्या चपलांकडे लागायचे. मग तो एकटाच पत्ते पिसायचा, दोन डाव वाटायचा, आधी आपला खेळायचा आणि उठून पलीकडे बसून पोस्टमनचा. पोस्टमनच्या बाजूने तो मुद्दामच हरायचा. कधी कधी दिवस मावळेपर्यंत त्याच्या तोंडून एक शब्द निघालेला नसे.

अशात लेकीचा फोन आला.

"बाबा, तुमच्या गावाशेजारी पुठ्ठ्याचा कारखाना आहे ना, तिथे मला काम मिळतंय. एक तारखेला हजर व्हा म्हणालेत."

"अगं मग सोड ती खोली! हे घर कोणाचं आहे?"

"तेच विचारणार होते. हे तर दोन वर्षं बाहेरदेशी, मी इथे एकटी बटणं शिवत बसलेय. पण छकुलीचं काय? आठ महिन्यांची आहे. कारखान्यात नेता येत नाही. तुम्ही दिवसभर सांभाळाल का?"

"सांभाळाल का म्हणजे?" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की पलीकडे गिरणीवाल्या वहिनीने मशीन बंद केलं. "तुला कोणी सांभाळलं होतं? तुझी आई शेतावर जायची तेव्हा तू माझ्या पाठीवर असायचीस. एका हातात पिंजरा, पाठीवर तू!"

"मी रविवारी येते. घर बघते, काय लागेल ते ठरवू. जमलं तर राहतेच."

चार दिवस होते. त्या चार दिवसांत त्याने गावातलं एकही काम घेतलं नाही. चुना भिजवला, खोली रिकामी केली आणि वरपासून खालपर्यंत दोन हात दिले. फडताळाशेजारी भिंतीला बोटभर चीर होती, ती चुन्याने बुजवायचा प्रयत्न केला. चुना वाळून पुन्हा भेगाळला. बायकोचं मऊ झालेलं लुगडं काढून आढ्याला झोळी बांधली. झोळीत पाच शेर धान्याचं गाठोडं ठेवून झोका देऊन बघितला, गाठ पक्की आहे ना म्हणून. मग उगाचच आणखी थोडे झोके दिले. खोलीत एवढा उजेड झाला होता की त्याला स्वतःचंच घर नवीन वाटलं.

रविवारी लेक आली. एका काखेत छकुली, दुसऱ्या हातात फुगलेली पिशवी. तो ओट्यावरच उभा होता. त्याने पिशवी घेतली, छकुलीच्या गालाला हात लावला आणि "ये, ये, आत बघ," म्हणत पुढे झाला.

लेक उंबरठ्यावर थांबली. तिचा हात आपोआप पदराकडे गेला आणि पदर नाकाकडे. बाप वळला तसा तिने तो खाली घेतला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"ठणठणीत! का?"

"घरात काही ठेवलंय का?"

"काय ठेवणार? सगळं बाहेर काढलं, चुना दिला. बघ ना. आणि ही झोळी. आण तिला इकडे."

तिने छकुलीला झोळीत ठेवलं नाही. छकुली रडायला लागली. लेक खोलीभर बघत होती. पांढऱ्या भिंती, झोळी, ओळीने घासून ठेवलेली भांडी, आणि मधोमध हसत उभा असलेला बाप. मग ती म्हणाली, आपण ओट्यावर बसू, हिला वारा लागेल. तो ताट वाढून बाहेर घेऊन आला. तिने दोन घास खाल्ले, तिसरा हातातच राहिला.

"तिखट झालंय का?"

"नाही हो. गाडीत मळमळत होतं."

चारच्या बसने ती परत निघाली. "हिला इथलं पाणी मानवायचं नाही, बाबा."

"अगं, उकळून देऊ की!"

"विचार करून फोन करते."

बस सुटताना तिने खिडकीतून त्याच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. का, ते त्याला कळलं नाही. घरी परतताना त्याला राग आला होता. शहरात राहून लेक मोठी झाली, बापाचं घर तिला पुरेना. खोलीत आल्यावर राग टिकला नाही. झोळी लोंबत होती. त्याने ती सोडली नाही आणि तिच्याकडे बघितलंही नाही. रात्रीचं वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. तो मनापासून, पोटातून दुखावला होता आणि ते सांगायला ओट्यावर चिटपाखरू नव्हतं.

तीन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दुपारी तो आडवा पडून भिंतीकडे बघत होता. पांढऱ्या चुन्यावर एक माशी बसलेली दिसली. हिरवट निळी, टपोरी. थोड्या वेळाने तिच्या शेजारी दुसरी आली. ती उडत आली नव्हती. चिरेतून चालत बाहेर आली होती. मग तिसरी, चौथी.

बिळवाला उठून बसला. चाळीस वर्षं तो लोकांना सांगत आला होता, मेलेलं कुठे आहे ते शोधू नका, निळ्या माश्या बघा. माश्यांच्या मागून पोस्टमन आठवला, दूधवाली आठवली, लेकीचा नाकाकडे गेलेला पदर आठवला. एकामागून एक सगळे आठवत गेले आणि प्रत्येकाबरोबर त्याची मान आणखी खाली गेली.

त्याने पहार घेतली. ओला सुका चुना, माती, दोन दगड निघाले. आत हात घालताना सवयीने श्वास रोखला, आणि मग रोखायची गरज नाही हे ध्यानात आलं. घूस होती. चांगली हातभर, फुगून फुटलेली, अळ्यांनी वळवळणारी. पोटाशी सात-आठ पिल्लं, तीही गेलेली. आजवर त्याने असली शेकडो जनावरं उचलली होती, पण ही त्याच्या उशापासून दोन हातांवर होती आणि तो तिच्याशेजारी जेवला होता.

घूस आणि पिल्लं टोपलीत भरून त्याने ओट्यावर आणली, तोवर पहारेचा आवाज ऐकून वहिनी आली. तिने पदराचा बोळा करून नाकावर दाबला होता.

"काढलंत? देवा रे, सुटलो," ती म्हणाली.

"किती दिवस येतोय वास?"

तिने बोळा आणखी घट्ट दाबला.

"वहिनी, किती दिवस?"

"दोन आठवडे होत आले." तिचे डोळे ओट्यावरच्या टोपलीवर होते. "पुड्या मी ठेवल्या होत्या, भावोजी. मशीनमागे. तुम्हाला सांगणार होते. मग म्हटलं, तुमच्या जिवाला लागेल."

"आणि वास येतोय हे?"

"ते कसं सांगणार? तुम्हाला आमच्याआधी कळलं असणार. आम्हाला वाटलं, तुम्हाला आता कशाचंच काही वाटेनासं झालंय."

टोपलीवर माती ओढता ओढता तो थांबला.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. एवढ्या महिन्यांत हे वाक्य पहिल्यांदाच तोंडातून बाहेर आलं होतं. "थंडीपासून. तुमच्याकडे मी नुसतं बोट ठेवलं होतं."

वहिनीने नाकावरचा पदर काढला. तिला तो वास असह्य होत असणार, पण तिने काढला आणि ती टोपलीची दुसरी कडी धरून त्याच्याबरोबर गावाबाहेर खड्डा खणायला गेली.

तिथून पुढे दीड दिवस त्याने घर धुतलं. चुन्याचं पाणी ओतलं, धुरी दिली, अंथरूण जाळलं. अंगावरचे कपडे तीनदा धुतले. घर निर्मळ झालं, असं वहिनीने आणि पोस्टमनने दोघांनीही येऊन सांगितलं. पोस्टमनने डोळे पुसले आणि "मला बोलायला हवं होतं रे," एवढंच म्हणाला. शुक्रवारी सकाळी बिळवाला शहराच्या बसमध्ये बसला. एक तारखेला अजून पाच दिवस होते.

लेकीची खोली चाळीत, पहिल्या मजल्यावर. एका कोपऱ्यात गॅस, दुसऱ्यात छताला टेकेल एवढी शर्टांची चळत आणि तिच्याशेजारी बटणांची ताटली. छकुली सतरंजीवर रांगत होती. लेकीने बापाला बघितलं आणि सुई टोचावी तशी उठली.

"अहो, फोन तरी करायचा!"

"घूस होती," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "भिंतीत मेली होती. काढली, पुरली, घर धुतलं. आता काही नाही. गिरणीवाल्या काकूला विचार फोन करून."

"घूस?"

"हो. फडताळामागे."

"आणि तुम्ही त्या घरात राहत होता? जेवत होता?" तिचा आवाज चढला. "मी आत आले तर तुम्ही हसत होता, बाबा! चुना दिलाय बघ म्हणाला! मला वाटलं, आई गेल्यापासून एकटे राहून तुमचं डोकं फिरलं. सगळी वाट रडत आले मी. कोणाला सांगू, कुठल्या डॉक्टरकडे नेऊ, पाच दिवस झोप नाही मला."

त्याने बसमध्ये दोन उत्तरं तयार केली होती. एक खोटं होतं. पण नाक शाबूत असून तो त्या घरात राहिला, हे पटेल असं खोटं जगात नव्हतं.

"मला वास येत नाही, पोरी. तापात गेला तो गेलाच."

लेकीच्या खांद्यांवरचं ओझं कोणी उतरवून घ्यावं तशी ती खाली बसली आणि हसत हसत रडायला लागली. "एवढंच? हात्तिच्या, एवढंच होतं?" तिने त्याचे दोन्ही हात धरले. "मग मी सोमवारी येते. शर्ट शनिवारी देऊन टाकते. झोळी आहे ना बांधलेली?"

"आहे तशीच आहे," तो म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला.

खाली कोणीतरी हाक मारली, नळ आला. लेक लगबगीने बादल्या घेऊन निघाली. "हिला घ्या जरा. आणि दूध ठेवलंय, तेवढं बघा हं."

बिळवाल्याने छकुलीला मांडीवर घेतलं आणि दूध बघायला लागला. लेकीने काही परीक्षा म्हणून सांगितलं नव्हतं, पण त्याला ती परीक्षाच वाटली. डोळ्यांत तेल घालून तो पातेल्याकडे बघत राहिला. कडेला बुडबुडे आले. साय ताणली, मधे फुगली. वर येते न येते तोच त्याने पुढे सरकून बटण फिरवलं. थेंब सांडला नाही. पण ज्योत विझली म्हणजे गॅस बंद झाला असं थोडंच असतं? ते सांगणारं नाक आता नव्हतं. त्याने वाकून शेगडीला कान लावला. फुसफुस ऐकू येत नाही ना ते ऐकलं. मग टाकीचं बटणही बंद केलं आणि पुन्हा कान लावला. हे करताना छकुली मांडीवरून कधी उतरली, त्याला कळलं नाही.

दारात बादली आदळली. लेकीने दोन ढांगांत खोली ओलांडली, छकुलीला पालथं धरलं, तोंडात बोट घातलं आणि घशाजवळून एक शर्टाचं बटण ओढून काढलं. पांढरं, चार भोकांचं. छकुलीने टाहो फोडला. बटणांची ताटली उलटून सगळीकडे बटणं झाली होती.

"काही झालं नाही," लेक म्हणाली. तिची छाती वरखाली होत होती. "होतं असं. माझ्याही हातून होतं. गेल्या आठवड्यात दोरा गिळत होती."

ती खरंच बोलत होती. पण बोलता बोलता तिची नजर शेगडीकडे गेली. न सांडलेलं दूध, बंद केलेली टाकी, आणि शेगडीपाशी गुडघ्यांवर बसलेला, गालाला काजळी लागलेला बाप. तिला सगळं उमगलं. आणि तिला उमगलं हे त्याने बघितलं.

"पूर्वी मी पाठ करून बसलो असतो," तो हळू म्हणाला. "दूध लागायला लागलं की वास आला असता, उठलो असतो. आता दोन्ही डोळे तिकडेच लागतात. तिच्यासाठी उरतच नाहीत."

"मी सगळं करून जाईन सकाळी. तुम्ही गॅसला हात लावू नका."

"आणि टाकी गळाली तर? गिरणीची मोटर जळली तर? झोळीत ती झोपलेली असेल आणि मी शेजारी बसलेला असेन. मजेत बसलेला असेन मी, पोरी. तुला माहीत आहे कसा. तू बघितलंयस."

तिने छकुलीला खांद्यावर घेतलं आणि तिच्या पाठीवर थोपटत राहिली.

"नको येऊस," तो म्हणाला.

म्हटल्यावर तो थांबला. नाही बाबा, मी येते, काहीतरी करू, असं ती म्हणेल म्हणून थांबला. बराच वेळ थांबला. लेक मान खाली घालून रडत होती आणि छकुलीला थोपटत होती. मग तो जमिनीवरची बटणं वेचायला लागला. गॅसखालची, सतरंजीखालची, उंबरठ्याच्या फटीतलीसुद्धा. शेवटचं बटण ताटलीत पडलं तेव्हा ती म्हणाली, "जेवून जा, बाबा."

तो जेवला. चांगला पोटभर जेवला, तिला वाईट वाटू नये म्हणून.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. शेजारी एक अनोळखी बाई येऊन बसली. शहराबाहेर पडल्यावर बस एका वळणावर हळू झाली, आणि पुढच्या माणसाने एकदम रुमाल नाकाला लावला. मागच्या कोणीतरी "शी!" केलं. शेजारच्या बाईने तोंड फिरवून पदर ओढला. बिळवाला आक्रसला. त्याने शर्टाची कॉलर बघितली, हात उलटेपालटे करून नखं बघितली, पायाखालची पिशवी उचलून मांडीवर घेतली. काय शोधायचं आणि कशाने शोधायचं तेच त्याला कळेना.

"बाई," त्याने शेवटी विचारलं, "माझ्या अंगाला येतोय का वास?"

ती चमकली. मग तिला हसू आलं. "अहो नाही हो. बाहेर बघा, कचरा जाळलाय कोणीतरी. केवढा धूर! तुम्हाला नाही का येत?"

"नाही."

"सुखी आहात," ती म्हणाली आणि पुढे वाकून तिने खिडकीची काच सरकवली. बस पुन्हा वेग घ्यायला लागली. "कुठे जाऊन आलात?"

"लेकीकडे."

"बरी आहे ना?"

"बरी आहे. नात आहे आठ महिन्यांची." त्याने पिशवी परत पायाशी ठेवली. "माझ्याकडे राहायला येणार होत्या दोघी. मीच नको म्हटलं."